मंडळाचा जवान

“आपल्यानंतर आलेल्यांनी सगळं बिघडवलं बघा,” पद्माकरराव माझ्या कानाशी कुरकुरले. यू-बानमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, समोर दोन मराठी मुलं उभी होती आणि जाड पोहे कुठल्या दुकानात मिळतात यावर मोकळेपणानं बोलत होती. एवढाच त्यांचा गुन्हा.

आपल्या पानात जिलबी पडली की पंगतीला माणसं फार झाली असं वाटू लागतं, हे मानवजातीचं जुनं सत्य आहे. देशांचंही तसंच असतं, आणि हॅम्बर्गमधल्या आमच्या मंडळाचंही. मंडळात ज्यांच्याकडे जर्मन पासपोर्ट आहे, ते शंभर टक्के लोक परदेशी माणसांवर कडक निर्बंध हवेत या मताचे आहेत. ज्यांच्याकडे नाही, त्यांचा निर्बंधांना तत्त्वतः विरोध आहे (पासपोर्ट हातात पडेपर्यंत).

पद्माकरराव मंडळाचे अध्यक्ष. विमानांच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. पासपोर्ट मिळाला तेव्हा त्यांनी सोसायटीभर पेढे वाटले होते, आणि शेजारच्या जर्मन आजींनी ते साबण समजून न्हाणीघरात ठेवले होते. पण पासपोर्टात एक बारीक खोट निघाली. देश आपला झाला की त्याचं सैन्यही आपलं होतं. त्यांचा मल्हार अठरा वर्षांचा झाला आणि घरी प्रश्नावलीचं पत्र आलं: सैन्यात सेवा करायला आपण कितपत उत्सुक आहात?

सैन्यात जायची सक्ती पत्रात नव्हती. तरी त्या दिवसापासून मल्हारला धूळ, गवत आणि हुकूम या तिन्हींची ॲलर्जी झाली. मंडळातल्या इतर घरांतही अठरा वर्षांच्या मुलांचे पाय अचानक सपाट निघाले. एवढी नाजूक पिढी आपण इतकी वर्षं सांभाळली, याचं मला फार कौतुक वाटलं.

अशा वेळी मंडळ स्वस्थ बसत नाही. कार्यकारिणीनं ठराव केला: परदेशी माणसानं सैन्यात सेवा केल्यास त्याला नागरिकत्व द्यावं, आणि ती सेवा त्याच्या समाजातल्या सगळ्या मुलांच्या वतीनं झाली असं धरावं. असा कायदा जर्मनीत नाही. तो येणार असंही कुणी म्हटलेलं नाही. पण पद्माकररावांना ‘आतून’ कळलं होतं, आणि आमच्याकडे एवढ्यावर हॉल बुक होतो. सैन्यात जायला मुळात आधी नागरिक असावं लागतं, ही किरकोळ अडचण मंडळाचे चिटणीस हरीश यांच्या उपसमितीकडे सोपवण्यात आली. ठराव एकमतानं मंजूर झाला. (वाचताना तुमची मान हलली असेल, तर तीही धरली आहे.)

मग जवानाचे निकष ठरले. तो एकुलता एक नसावा (आपला सोडून इतरांचा चालेल). त्याच्या नावावर घराचं कर्ज नसावं. यंदा परीक्षा नसावी. गणपतीच्या नाटकात काम नसावं. आणि त्याचे आईवडील शक्यतो हॅम्बर्गमध्ये राहत नसावेत, म्हणजे चर्चा शांतपणे होते.

या सगळ्यात एकच जण बसला. मयुरेश.

मयुरेश कराडचा. समुद्रातल्या काँक्रीटला तडे का जातात, यावर इथं त्यानं डॉक्टरेट केली. देशानं पाच वर्षं त्याला तडे मोजायला पगार दिला, आणि तडे मोजून झाल्यावर विचारलं की आता तुम्ही इथं का? नोकरी मिळत नव्हती. राहण्याचा परवाना मार्चअखेर संपत होता, मग बॅग भरायची. आईला त्यानं अजून सांगितलं नव्हतं. भांडण झालं की दोन्ही बाजूंना सॉरी म्हणणारा हा मुलगा. आपोआप उघडणाऱ्या काचेच्या दारालाही डांकं, म्हणजे थँक्यू, म्हणतो. चष्म्याची भिंगं भलतीच जाड. पण शत्रू सहसा मोठाच असतो, असं उपसमितीनं नमूद केलं.

मयुरेशला कुणी विचारलं नाही. आमच्यात आधी सत्कार करतात, मग माणूस नाही म्हणू शकत नाही.

संक्रांतीचा कार्यक्रम चर्चच्या हॉलमध्ये होता. बाहेर हॅम्बर्गचा नेहमीचा आडवा पाऊस. सत्काराची शाल आणायला, ती पोह्यांवर बोलणारी मुलं भेटली त्या दिवशी, यू-बाननं पद्माकरराव आणि मीच गेलो होतो. लष्करी हिरवी मिळाली, मशीनमध्ये धुता येणारी. पाच वक्ते बोलले. मयुरेश आम्हाला मुलासारखा आहे, असं पाचही जणांनी सांगितलं (पाचांनाही खरे मुलगे आहेत, ते मागच्या रांगेत फोनवर होते). “आज गोड बोलायचा दिवस,” पद्माकरराव म्हणाले, “म्हणून एवढंच म्हणतो, की या तरुणाला देशसेवेची सुवर्णसंधी मिळते आहे.” टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. शाल मी निवडली होती.

नारळ द्यायला वसुधाला, म्हणजे पद्माकररावांच्या बायकोला, व्यासपीठावर बोलावलं. तिनं नारळ हातात घेतला आणि दिलाच नाही.

“दे ना,” पद्माकरराव हळूच म्हणाले.

“अहो, आधी सांगा तरी त्याला,” वसुधा म्हणाली. माइक चालू होता. “आपल्या मल्हारला मरावं लागू नये म्हणून आपण ह्याला पाठवतोय. सरळ सांगा.”

मागच्या रांगेतल्या मल्हारनं पहिल्यांदा फोनवरून मान वर केली.

मयुरेशनं शाल सारखी केली. “काकू, ते माझ्या लक्षात आलंय,” तो म्हणाला. “सॉरी. मार्चच्या आत होईल का, तेवढंच विचारायचं होतं.”

तिळगुळाचा डबा पुढं सरकला. प्रत्येकानं एकेक लाडू तोंडात टाकला, म्हणजे बोलायला नको.

तुम्हाला आमचा राग आला असेल. साहजिक आहे. तुमच्या घरात कुणी अठरा वर्षांचं नसेल, तर तो राग जपून ठेवा. असेल, तर मयुरेशचा नंबर माझ्याकडे आहे.