सावली काढणारे सिद्राममामा

सिद्राममामा समोरून येणाऱ्या माणसाचं तोंड बघत नाहीत. आधी त्याची सावली बघतात. ती कुठून निघाली, किती लांब गेली आणि कुणाच्या कशावर जाऊन पडली, हे तपासून झालं की मगच त्यांची नजर वर येते. तोवर आपण नमस्कार करून, उत्तराची वाट बघून, जोडलेले हात खाली घेतलेले असतात.

आमच्या गल्लीतल्या एका मुलीला बघायला पाहुणे आले होते. मुलगा चांगला उंच, दिसायला बरा, सगळे खूश. शेजारी म्हणून मामांनाही बोलावलं होतं. पोहे खाऊन झाल्यावर मुलीच्या वडिलांनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "काय अण्णा, कसा वाटला?"

मामा म्हणाले, "चांगला हाय. पण संध्याकाळी लई सावली पाडंल."

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. आमची आणि त्यांची भिंतीला भिंत, म्हणून मामा. पूर्वी ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. बिघडलेला माग दुरुस्त करतो तो जॉबर. कारखाना बंद पडला, तेव्हा पिकल्या केसांनी ते सोलर बसवायच्या कोर्सला गेले आणि आपल्या मुलापेक्षा लहान पोरांबरोबर बाकावर बसून पास झाले. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, कारण मामा ते कुणाला विसरू देत नाहीत. त्या कोर्सचं सर्टिफिकेट फ्रेम करून सिद्धेश्वराच्या फोटोशेजारी टांगलेलं आहे. सकाळी उदबत्ती दोघांना मिळून एकच. आधी कुणाला ओवाळतात ते मी पाहिलेलं आहे, पण लिहीत नाही. उगाच देवाला वाईट वाटायला नको.

त्या कोर्समध्ये मामांना एक गोष्ट कळली. ओळीनं जोडलेल्या सोलरच्या प्लेटांपैकी एकीच्या कोपऱ्यावर सावली पडली तरी सगळ्या ओळीची वीज कमी होते. मामा ती मागाच्या भाषेत सांगतात. "एक धागा तुटला की अख्खा माग थांबतो का न्हाय? तसंच हे. म्हणून सावली काढा आदी!"

ही गोष्ट खरी आहे. मी आमच्या फिजिक्सच्या सरांना भीत भीत विचारून घेतलं. अडचण एवढीच, की ही एक खरी गोष्ट हाताशी आल्यावर मामांनी तिला छपरावर ठेवलं नाही. लग्नकार्यात, दुखण्याखुपण्यात, परीक्षेत, सगळीकडे सोबत नेलं. कुणाचं दुकान चालेना, तर सावली. कुणाची सून नांदेना, तर सावली. पहिल्या वर्षी मला मार्क कमी पडले, तेव्हा माझं सांत्वन करायला आले आणि म्हणाले, "तुज्यावर सावली पडलालीय, कॉलेज." मला ते कॉलेजच म्हणतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून असेल.

"कुणाची सावली मामा?"

"पुस्तकाची. डोळ्याम्होरं आडवं धरून बसतीस. उजेड येणार कुटनं?"

मामांनी गल्लीत घरोघरी जाऊन सोलर बसवायला लावलं आणि प्रत्येक घराच्या सावल्या काढल्या. आधी फक्त एक फांदी तोडायची असते. मग उरलेलं झाड तिरकं दिसतं. मग ते वादळात पडेल असं वाटायला लागतं. अशा रीतीनं एक पेरू गेला, दोन शेवगे गेले आणि ज्याच्याखाली रिक्षा थांबायच्या तो कोपऱ्यावरचा गुलमोहरही गेला. परवानगी कुणी काढली हे मी विचारलं नाही. आमच्या गल्लीत तसं विचारायची पद्धत नाही.

मामांची हार एकदाच झाली. एका भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स एका घराच्या प्लेटांवर सावली टाकत होता. मामा शिडी घेऊन गेले. "वाढदिवस झाला की सायबांचा. आता सावली काढा," म्हणाले. फ्लेक्स अजून आहे. झाड तोडता येतं, भावी नगरसेवक तोडता येत नाही.

तर आता आमच्या गल्लीत वीज भरपूर आहे आणि सावली नाही. मे महिन्यात रिक्षावाले सात रस्ता चौकातून निघताना आमच्या गल्लीचं नाव ऐकलं की दुसरीकडं बघतात. लोक दारं लावून कूलरपुढं बसतात आणि यंदा ऊन किती वाढलंय यावर बोलतात. मामा तेवढे रस्त्यात उभे असतात, डोक्याला टॉवेल गुंडाळून, वर बघत. "ऊन बघ की कसलं पडलंय! एक थेंब वाया जात न्हाय."

मामांचं दुसरं वेड म्हणजे पोरं पकडणं. रिकामा पोरगा दिसला की त्याच्या हातात पाना द्यायचा.

"काय शिकलालास?"

"बीए."

"मग?"

"मग एमए."

"आन् मग?"

"मग हे धर," म्हणून मामा त्याला छपरावर चढवतात. कंबरेला पट्टा कसा बांधायचा, लोखंडी सांगाडा कसा कसायचा, अर्थिंगचा खड्डा कुठं घ्यायचा, हे सगळं शिव्या घालत शिकवतात. पोरं खरंच शिकली. आणि शिकली तशी गेली. कुणी गुजरातला, कुणी खाली कर्नाटकात, जिथं माळच्या माळ प्लेटांनी झाकतात तिथं. सगळ्यांत आधी गेला तो मामांचा एकुलता एक बसू, थेट राजस्थानला. गल्लीतला प्रत्येक चांगला हात मामांनी तयार केला आणि गल्लीबाहेर पाठवला, आणि मग "हितं माणूस मिळत न्हाय कामाला," म्हणून तेच ओरडत फिरले.

बसू जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल करतो. मामा फोन हात लांब करून धरतात, त्यामुळे गल्लीला सगळं ऐकू येतं. बसूच्या मागं आभाळाला टेकेपर्यंत प्लेटाच प्लेटा असतात. मामी जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा जेवलास का हे विचारायचं काम आता मामांचंच आहे. पण ते विचारतात, "बसू, त्या प्लेटंवर काय सावली दिसलालीय रं?"

"माजीच हाय की बापू."

"मग सर की बाजूला!"

बसू बाजूला सरतो. फोनमध्ये नुसत्या प्लेटा उरतात. मामा त्यांच्याकडं बघत राहतात आणि थोड्या वेळानं कॉल संपतो.

गल्लीत शेवटचं झाड आमच्या दारात राहिलं होतं. कडुलिंबाचं. त्याखाली माझी आई सूप मांडीवर घेऊन दिवसभर विड्या वळते. संध्याकाळी वीज गेली की माझा अभ्यास बुडायचा, म्हणून पप्पांनी बॅटरीवाला लहान सेट घ्यायचं ठरवलं. दोनच प्लेटा. मामा छपरावर चढले, खाली उतरले आणि आईसमोर येऊन उभे राहिले.

"अक्का, झाड काढा आदी."

आईनं मान वर केली नाही. "कुणाचं?"

"तुमचंच की. अख्खी स्लॅब झाकलीय. प्लेटा काय अंधारात पिकवू?"

"मग नको प्लेटा."

"अवो, लेकरू अंधारात अभ्यास करलालंय. आन् तुमाला पंखा लागंल. घरात गार वाऱ्याला बसून वळा की."

"पंख्याखाली तंबाखू उडती, अण्णा. पानं वाळून कडाकडा मोडतेत. एवढं उनातलं कळतंय तुमाला, हे कसं कळंना?"

"मग पंखा बंद ठिवून वळा."

"आन् तुमी प्लेटा बंद ठिवून बसवा."

मामा निघून गेले. पण रोज सकाळी येऊन झाडाकडं असे बघायचे, जसं लग्नाच्या घरात न बोलावता आलेल्या पाहुण्याकडं बघतात. मला काय वाटत होतं हे मी कुणाला सांगितलं नाही. मला उजेड हवा होता आणि आई झाडाखालीच हवी होती. घरातून पहिल्यांदा कॉलेजात गेलेल्या मुलीला ही एक सवय लागते, तिच्यासाठी काय काय जातंय ते गप्प बसून बघण्याची.

शेवटी पप्पांनी दिवस ठरवला आणि ते पहिल्या पाळीला निघून गेले. करवतवाला सकाळीच आला. त्याच्याबरोबर मामा, जणू नवरदेवाचे मामा. पण आई त्यांच्याही आधी येऊन बसली होती, खोडाला पाठ लावून, मांडीवर सूप.

"बाई, उठा की," करवतवाला म्हणाला.

"कारखान्यात विड्या द्यायच्या हायत. वळून झाल्या की उठते."

"कवा होतील?"

"पानं बघ की किती हायत."

करवतवाल्यानं पानांचा ढीग बघितला, करवत खाली ठेवली आणि झाडाखालीच आडवा झाला. थोड्या वेळानं घोरायला लागला. मामा मात्र तत्त्वाचे. ते उन्हात उभे राहिले. ऊन डोक्यावर आलं. त्यांनी टॉवेल गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. मी दारातून बघत होते. त्या वेळी मला हसू येत होतं हे खरं आहे. मग हळूहळू मामांचा एक पाय सावलीत आला. मग दुसरा. मग ते झाडाच्या कडेला, अंग चोरून, टेकले.

आईनं बघितलं नाही. नुसता पाण्याचा तांब्या त्यांच्याकडं सरकवला. "सावलीत बसलात व्हय?"

"जरा टेकलोय."

"बसा. फुकट हाय."

मामा गटागटा पाणी प्यायले. आईची बोटं चालली होती. मामा समोर बघत होते, त्यांच्या स्वतःच्या घराकडं. गल्लीतल्या सगळ्या छपरांवर प्लेटा चढवणाऱ्या या माणसाच्या छपरावर एकही नाही. एकट्याला एक बल्ब पुरतो, म्हणायचे. त्यांची स्लॅब उन्हात कोरडीठाक पडली होती.

"अक्का," ते म्हणाले, "माजी स्लॅब मोकळीच हाय की."

"मग?"

"तुमच्या प्लेटा माज्याकडं बसवतो. भिंतीवरनं वायर टाकली की झालं."

आईची बोटं थांबली. "आन् झाड?"

"झाडाचं काय. ते माज्या स्लॅबवर कुटं येतंय."

करवतवाल्याला हलवून उठवलं आणि चहा पाजून परत पाठवलं. जाताना तो म्हणाला, झोप मात्र चांगली झाली.

प्लेटा बसल्या, वायर आली, माझ्या टेबलावर दिवा लागला. पण मामांनी एक अट घातली. प्लेटांवर धूळ बसते. दर रविवारी आमच्यातल्या कुणीतरी वर येऊन त्या धुवायच्या. "मी हात लावणार न्हाय. ज्याची प्लेट त्यानं धुवायची. नियम म्हंजे नियम." आई म्हणाली, "हिला पाठवते की."

म्हणजे माझे रविवार गेले. बादली घेऊन मी वर जायची, मामा खुर्ची टाकून हुकूम सोडायचे. "कोपऱ्यात बघ. तितं राहिलंय. कॉलेजात हेच शिकवतेत व्हय?" धुऊन झालं की चहा, इतका गोड की ओठ चिकटावेत. एक कप त्यांचा आणि माझ्या हातात बसूचा. मग कॉलेजातलं सगळं सांगायचं. सर काय म्हणाले, डब्यात काय होतं, शेजारच्या बाकावरची मुलगी बोलायला लागली का. मी मैत्रिणींना मामांची नक्कल करून दाखवायची. शेजारणीची पोर फुकट राबवून घेणारा म्हातारा, असं माझं त्यांच्याविषयीचं मत झालं होतं.

एका रविवारी मला बाहेर जायचं होतं, म्हणून मी रोजच्यापेक्षा लवकर निघाले. आमच्या जिन्यावरून मामांचं छप्पर दिसतं. मामा वर होते. प्लेटा लख्ख होत्या, त्यांच्यात आभाळ दिसत होतं. मामांच्या हातात ओला फडका होता. एवढ्या शिस्तीच्या माणसाला आठवडाभर धूळ बघवतच नसणार. त्यांनी फडका पिळला आणि दोरीवर वाळत टाकला. मग तुळशीच्या कुंडीपाशी गेले, मूठभर कोरडी माती घेतली, बोटांनी चांगली बारीक केली आणि दोन्ही प्लेटांवर भुरभुरली. मागं सरून बघितलं. एका कोपऱ्यात कमी पडली होती. तिथं आणखी थोडी टाकली. मग हात झटकले आणि खाली जाऊन दोन कप वर घेऊन आले.

मी आवाज न करता घरात परत गेले. बाहेर जायचं रद्द केलं आणि नेहमीच्या वेळेला बादली घेऊन वर गेले.

"धूळ बघ की कसली बसलीय," मामा म्हणाले.

"होय की मामा. लईच बसलीय."

मी धुवायला लागले. ऊन पाठीमागून येत होतं. माझी सावली दोन्ही प्लेटांवर पडली होती, आडवी, चांगली लांब. मी सरकले नाही. मामा खुर्चीतून बघत होते, नक्की बघत होते. मी वाट बघत होते ते आता "सर की बाजूला" म्हणतील म्हणून.

"हळू धू," मामा म्हणाले. "घाई न्हाय."