वादावर तापणारं घर

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझाही बसला नसता, पण सांगणारा मीच असल्यामुळे माझा नाइलाज आहे.

थंड प्रदेशात माणूस आधी शेकोटी शोधतो, मग घर बांधतो, आणि घर बांधून झालं की शेकोटीवर कायदा करतो. जर्मनीतल्या आमच्या थुरिंगियाच्या डोंगरात ही तिन्ही कामं चोख झाली आहेत. या स्वयंपाकघरात, जिथे तुम्ही दाटीवाटीने उभे आहात, हिरव्या फरशांची छताला टेकलेली, लाकडावर चालणारी शेगडी दिसते ना, ती गेरलिंडेबाईंच्या आजोबांनी बांधली. बाई एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. शेगडीचं वय त्याहून जास्त, आणि धूर तर नियमाहून कितीतरी जास्त.

तेव्हा ती सील झाली. धुराडी साफ करणारा होल्गर काळा कोट आणि उंच टोपी घालून आला, त्याने शेगडीच्या दाराला तार गुंडाळली आणि वर शिशाचं सील ठोकलं. त्याच्या कोटाच्या बटणाला हात लावला की वर्षभर नशीब फळफळतं, असं आम्ही मानतो. त्यामुळे शेगडी बंद होत असताना अर्धं गाव बटणाला हात लावायला रांगेत उभं होतं. पहिला नंबर गेरलिंडेबाईंचा. (सवय.)

त्यांनी हीट पंपासाठी, म्हणजे विजेवर घर तापवणाऱ्या यंत्रासाठी अर्ज केला. अनुदान उदार होतं. अट एकच: यंत्र वीस वर्षं वापरण्याची हमी. हमीच्या रकान्यात बाईंनी ‘प्रयत्न करते’ असं लिहिलं. अर्ज परत आला, कारण प्रयत्नांसाठी वेगळा अर्ज आहे.

इथवर सगळं कुठेही घडतं. पुढचं फक्त आमच्याकडे घडलं.

जिल्ह्याच्या हवामान कक्षाने एक परिपत्रक काढलं. त्यानुसार नुसता बसलेला माणूस शंभर वॅट उष्णता देतो, ती संपूर्णपणे नैसर्गिक असते आणि तिला धुराडं लागत नाही. भांडणारा माणूस एकशे नव्वद देतो. (मोजणी कक्षातल्याच दोन सहकाऱ्यांवर झाली. ते अजून एकमेकांशी बोलत नाहीत.) सबब गेरलिंडेबाईंचं घर वादावर तापवायचं ठरलं.

इंधन गावातच होतं. एगोन, निवृत्त ट्रकचालक, हवामानाचं हे सगळं थोतांड आहे असं मानणारा. आणि स्वेन्या, शाळेतली बाई, छपरावर सौर पॅनेल, दारात सायकल. दोघांना रोज दुपारी तीन वाजता या टेबलाशी समोरासमोर बसवायचं आणि मधे बटाट्याच्या गोळ्यांचं पातेलं ठेवायचं.

पहिल्याच दिवशी एगोन म्हणाला, ‘पोरी, एप्रिल संपत आला तरी मी बर्फ उपसतोय, आणि तुला उकडतंय?’

‘एगोनकाका, तुमच्या अंगणावरून पृथ्वीचा ताप मोजायचा झाला तर तुमच्या डोक्यावरून गावाची अक्कल मोजावी लागेल.’

पारा दीड अंश चढला. कोणत्या विषयाला किती अंश, याचं कक्षाने लगेच कोष्टक केलं. पवनचक्क्या: अर्धा अंश. बंद केलेल्या अणुभट्ट्या: दोन. ‘आमच्या लहानपणी सकाळी पांघरुणावर बर्फ असायचा आणि आम्ही मेलो नाही’: सव्वा. ‘तुमच्या पिढीने सगळं जाळलं’: साडेचार, आणि काचांवर वाफ. ‘आधी चीनला सांगा’ याची नोंद शून्य, कारण तेव्हा दोघंही जेवायला लागतात.

एक गळती मात्र राहिली. ठीक चार वाजता एगोन आणि स्वेन्या एकदम उठतात, दोन्ही खिडक्या सताड उघडतात आणि दहा मिनिटं ताजी हवा आत घेतात. बाहेर उणे नऊ असलं तरी. जमवलेले सगळे अंश दरीत जातात. कक्षाच्या अहवालात हे बारीकसारीक तपशिलासह नोंदलेलं आहे. खिडक्या बंद ठेवाव्यात अशी सूचना मात्र एकाही पक्षाने केली नाही. आमच्या देशात रोज खिडक्या उघडण्यासारख्या काही गोष्टी धोरणाच्या पलीकडच्या असतात.

खरा अपघात जानेवारीत झाला. बोलता बोलता एगोन म्हणून गेला की यंत्रं विकण्याआधी म्हाताऱ्यांच्या घरांच्या भिंती नीट करून दिल्या असत्या तर निम्मं काम झालं असतं. स्वेन्या म्हणाली, ‘बरोबर आहे.’ वाद तिथेच विझला. फुलदाणीतलं पाणी गोठलं. गेरलिंडेबाईंना दोन घोंगड्यांत गुंडाळून दवाखान्यात न्यावं लागलं. कक्षाने दोघांना लेखी समज दिली. तेव्हापासून ऑक्टोबर ते एप्रिल एकमत व्हायला बंदी आहे. भिंतींचा विषय कोष्टकातून वगळला आहे, तो धोकादायक ठरला.

परिणाम तुमच्यासमोर आहे. हे प्रमाणपत्र पाहा, शिक्का मारलेलं: खोलीचं तापमान बावीस अंश. आजवर एक्केचाळीस नगरपालिकांची शिष्टमंडळं पाहून गेली आणि सगळ्यांनी वहीत ‘अनुकरणीय’ असं लिहिलं. तुमचं बेचाळिसावं. कोट काढले तरी चालतील, लोक इथे घामाघूम होतात, परवा तर एका महापौरांना...

‘लोथार, खोटं बोलू नकोस,’ कोपऱ्यातल्या बाकावरून गेरलिंडेबाई म्हणाल्या. ‘खोलीत अकरा अंश आहेत. प्रमाणपत्र आणि थर्मामीटर एकाच खिळ्याला टांगलेत, आणि ही मंडळी मघापासून प्रमाणपत्रच वाचताहेत.’

मग त्या तुमच्याकडे वळल्या.

‘हसा, हसायला माझी हरकत नाही. पण तुमच्यातला जो शेवटी आत आला, त्याने दार उघडं टाकलंय.’