पूर नेला, हलगी राहिली

कसबे नांदर्ड्याच्या बागेत, चिंचेच्या ढोलीत, गावाचा सगळा इतिहास स्टीलच्या एका डब्यात ठेवलेला आहे. मोबाइलवर खुणा बघत लांबलांबची माणसं तो शोधायला येतात. नियम साधा: डब्यातलं एक घ्यायचं, तेवढ्याच तोलामोलाचं दुसरं ठेवायचं, वहीत सही करायची. बहुतेक जण एखादी जुनी जत्रा नेतात आणि आपल्याकडची ठेवतात. जत्रांना काय तोटा?

पण मंगळवारी पिंपळशेतच्या एका गृहस्थांनी महापूर नेला आणि बदल्यात सर्कशीचा हत्ती ठेवला.

बागेची झाडलोट करणारी सुगंधाबाई सकाळी आली, तर बागेच्या भिंतीवरची पुराची रेघ गेलेली आणि तिच्याखालची आज्जाच्या नावाची पाटी कोरी. आज्जा म्हणजे खंडू वायदंडे. कमरेएवढ्या पाण्यातून हलगी बडवत त्यानं अख्खं गाव टेकडीवर नेलं होतं. आता पूरच आला नव्हता म्हटल्यावर खंडू उगाच हलगी वाजवत हिंडला, असं झालं. "तुझा आज्जा जरा हौशीच होता गं," असं लोक तोंडावर म्हणू लागले. सुगंधाबाईच्या काळजाला घरं पडली.

ती नगरपरिषदेत डब्याचा कारभार बघणाऱ्या देवळेकर साहेबांकडे गेली. साहेबांनी वही तपासली. "अदलाबदल नियमात बसते, बाई. हत्ती मोठाच असतो."

"हत्तीनं कुणाला वाचवलं का, साहेब?"

"तशी नोंद नाही," साहेब म्हणाले. खरं ते बोलायला साहेब पक्के.

शनिवारी पिंपळशेतचे गृहस्थ स्वतःच कचेरीत आले, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. "आमच्या गावाला सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून पूर नेला," ते खाली मान घालून म्हणाले. "आता पाणी चढतंय, आणि लोक घरं सोडेनात. पूर तेवढा घेतला, माणूस घ्यायचा राहिला."

"चढलेला पूर परत घेता येत नाही, ओसरल्यावर आणा," साहेब म्हणाले. "खंडू वायदंड्यांना मात्र दोन दिवस प्रतिनियुक्तीवर देता येईल. वारसाची सही लागेल."

"आज्जाला जाऊन साठ वर्षं झाली," सुगंधाबाई म्हणाली.

"त्याची हरकत नाही."

तिनं पेन घेतलं. "पाठवते. पण हौसेला नाही, कामाला पाठवते. तसं वहीत लिहा." साहेबांनी तसं लिहिलं आणि शिक्का मारला.

पुढच्या मंगळवारी गृहस्थ पूर ठेवून हत्ती घेऊन गेले. डब्यात पूर जागच्या जागी होता, वर ओली हलगी. भिंतीवर रेघ उमटली होती. पाटीवर आता दोन गावांची नावं होती, आणि पिंपळशेतचं एक वासरूसुद्धा वाहून गेलं नव्हतं. सुगंधाबाईनं पदरानं पाटी पुसली. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून, "वाचा की," म्हणाली, आणि लोकांनी मुकाट्यानं वाचलं.

मग तिनं पाल्यापाचोळ्याचा जाळ केला आणि हलगी शेकायला धरली. पुन्हा कुठून बोलावणं आलं, तर आज्जाचा आवाज ढिला पडायला नको.