चार लाल ठिपके

डिस्टॉर्शन म्हणजे काय, हे अख्ख्या अमडापुरात फक्त मला कळतं! ग्रामपंचायतीत कारकून आहे म्हणून काय झालं? तीन महिने रोज संध्याकाळी बसून मी अॅम्प्लिफायर बनवला. आत जाईल तोच आवाज, फक्त मोठा होऊन बाहेर! घरघर नाही, फाटणं नाही. डिस्टॉर्शन शून्य!

त्याचं उद्घाटन होतं गावातल्या भावगीत स्पर्धेत, आणि त्याच स्पर्धेत आमची सुलभा गाणार होती. लग्नानंतर बारा वर्षांनी पहिल्यांदाच! भाकरी थापतानाही ताना चालू होत्या. जिंकली तर पुढची फेरी बुलढाण्याला.

"अहो, तुमच्या त्या डब्ब्यानं माह्यं गाणं बिघडन तं नाही?"

"डब्बा नको म्हणू! परीक्षक खुर्चीतून उठून टाळ्या वाजवतीन!"

अॅम्प्लिफायरच्या मागच्या बाजूला दोन स्पीकरच्या तारा जोडायचे चार स्क्रू होते. प्लसच्या दोघांवर मला लाल खूण हवी होती. घरात रंग नव्हता, म्हणून आईच्या करंड्यातल्या कुंकवाचे दोन ठिपके दिले. हुशारी बघा!

निघताना आईनं यंत्राची पूजा केली, नारळ फोडला. मैदानावर पोचून बघतो तर चारही स्क्रूंवर कुंकू! फोन लावला.

"आई, हे काय केलं?"

"तू दोघांलेच लावलं होतं ना बापा! बाकीच्या दोघांनी काय पाप केलं?"

आता प्लस कोण आणि मायनस कोण? चौघंही सौभाग्यवती! कुणाला विचारलं तर अब्रू जाणार, म्हणून अंदाजानं तारा जोडल्या. उजव्या स्पीकरपाशी उभं राहून ऐकलं. आवाज खणखणीत!

स्पर्धा सुरू झाली. कडेला बसलेली मंडळी टाळ्यांवर टाळ्या वाजवत होती. मधोमध सोफ्यावर बसलेले तीन परीक्षक मात्र कानाला हात लावून वाकले होते आणि प्रत्येकीला दहापैकी दोन गुण देत होते! पाचव्या बाईलाही दोनच मिळाल्यावर लोक खवळले.

"परीक्षक बहिरे हायेत काय बे?"

मुख्य परीक्षक माणिकराव गुरुजी ताडकन उठले. "तुम्ही टाळ्या काऊन वाजवून राह्यले? इथं तं गाणंच नाही!"

त्यांची समजूत घालायला मी सोफ्यापाशी गेलो आणि जागीच थिजलो. आता सहाव्या बाईचं गाणं चालू होतं, पण तिथं नुसता डास गुणगुणत होता! एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे लागून फेज उलटी झाली होती! एका स्पीकरचा पडदा हवा पुढं ढकलत होता, तेव्हाच दुसऱ्याचा मागं ओढत होता. कडेच्या लोकांना जवळचा एकच स्पीकर ऐकू येत होता. बरोबर मध्यभागी मात्र दोघं मिळून आवाज खाऊन टाकत होते.

तेवढ्यात पुकारा झाला, "क्रमांक सात, सौ. सुलभाताई!"

मी धावलो. बटण बंद करायचं भान कुणाला होतं? चालू यंत्राच्याच तारा बदलायला गेलो. फट्ट! धूर निघाला आणि सगळं शांत.

सुलभानं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी जन्मात विसरणार नाही! मग तिनं माईक बाजूला सारला, मंचाच्या कडेला आली आणि मोकळ्या गळ्यानं गायली. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

"सात जणींमंधी हाच एक आवाज आमच्यापर्यंत पोचला!" गुरुजींनी निकाल सांगितला. पहिला नंबर!

घरी आई म्हणाली, "मी कुंकू लावलं म्हणूनच जिंकली ते!"

तिचं म्हणणं कसं खोडून काढणार?

सुलभा ट्रॉफी पदरानं पुसत होती. "अहो, खरं सांगा. मी चांगली गायली म्हणूनच जिंकली ना?"

मला त्या सहा बायका आठवल्या.

"हाव! शंभर टक्के!" मी म्हणालो.

आवाजात जरा डिस्टॉर्शन होतं. पण ते ओळखणारा अमडापुरात मी एकटाच!