स्लॅबवरचे दोन देवाजी

बायकोच्या कपडे वाळवायच्या वलणीवर ओला बॅनर टाकू नये, एवढी अक्कल माणसाला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी यायला पाहिजे. गडचांदूरच्या देवाजीला ती साठीतही आली नव्हती.

देवाजीची फ्लेक्स छापायची मशीन घरातच, समोरच्या खोलीत. इतकी जुनी, की छापताना कण्हायची आणि शेजारी विचारायचे, बुढा बिमार आहे काय. शाईचा वास घरभर. बायकोनं, सत्यशीलाबाईंनी, भाजीत कितीही हिरवागार सांभार चिरून टाकला तरी ताटात वास शाईचाच. पाहुणे पाणी पिऊन उठायचे, जेवायचं नाव काढत नसत. वरून छापलेलं लवकर वाळायचं नाही, म्हणून देवाजी ते स्लॅबवर नेऊन बाईंच्या वलणीवर टाकायचा.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्यानं ठेकेदार नानाजीच्या वाढदिवसाचा बॅनर असाच टाकला. बाजूला बाईंची पांढरी साडी. हवा सुटली, बॅनर साडीला जाऊन चिकटला. पहाटे लाईट गेलेली. बाईंनी अंधारात साडी नेसली आणि विहारात पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. वंदना झाली, मागच्या बायांनी मान वर केली, तर बाईंच्या पाठीवर नानाजी. मिशांसकट. (मिशा बॅनरपेक्षा साडीवर साफ उमटल्या होत्या. हे देवाजीनं घरी बोलून दाखवलं. बोलायला नको होतं.)

बाईंनी आवाज चढवला नाही. साडीची घडी करून मशीनवर ठेवली.

"अजी, या घरात एक तं हे राहीन, नाई तं मी. इचार करून सांगा."

देवाजीनं विचार केला. (दोन्ही बाजूंनी केला, हे बाईंना अजून ठाऊक नाही.)

मग चंद्रपूरहून कुलदीप आला. हा नव्या मशिनी विकतो. लॅटेक्स प्रिंटर म्हणे. पाण्याची शाई, वास नाही, बॅनर निघतो तो वाळूनच, जसा इस्त्रीचा कपडा. जुनी मशीन एक्सचेंजमध्ये घेऊन जातो असंही म्हणाला, तेव्हा बाईंनी त्याला दुसऱ्यांदा चहा दिला. देवाजीनं तोंड वाकडं केलं. ज्या खर्ऱ्याला वास नाही त्यात तंबाखू नाही, ज्या शाईला वास नाही त्यात रंग नाही, हे त्याचं शास्त्र. आणि पाण्याची शाई इथल्या उन्हात टिकेल कशी? इथं माणूस टिकत नाही.

शेवटी ठरलं असं. एकच फोटो दोन्ही मशिनींवर छापायचा आणि स्लॅबवर बाजूबाजूला बांधायचा. मिरूग लागेपर्यंत, म्हणजे पावसाच्या तोंडापर्यंत, नव्या मशीनचा रंग राहिला अन् जुनीचा गेला, तर जुनी मशीन घराबाहेर. नाही तर बाईंनी पुन्हा तिचं नाव काढायचं नाही. फोटो कोणाचा, तर देवाजीचाच. (फुकटात छापून मिळत असलं की माणसाला स्वतःचंच थोबाड आवडतं.) दोन देवाजी स्लॅबवर दात काढून उभे राहिले.

पहिले काही दिवस तिसरा देवाजीही खुशीत होता. मग त्याला आठवलं, की शाई आपण बाजारातली सगळ्यात स्वस्त आणतो. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाचा बॅनर हळदीला लागला होता, तर वरातीपर्यंत त्यातला नवरदेव ओळखू येईना. चुनखडीच्या खाणीतल्या मजुरीतून देवाजीला या जुन्या मशीननं बाहेर काढलं होतं. अर्ध्या गावाची बारशी आणि लग्नं तिनं छापली होती. तिला हाताला धरून घराबाहेर काढायचं म्हणजे काय.

म्हणून रोज दुपारी बाई कूलरपुढे आडव्या झाल्या, की देवाजी चपला हातात घेऊन, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा टाकून स्लॅबवर चढायचा. आपल्या मशीनच्या बॅनरवर एक जुना फ्लेक्स झाकायचा. पण तापलेल्या वाऱ्याची लू अशी, की झाकण उडून जायचं. ते धरूनच बसावं लागायचं. डावा गाल झाकणाला टेकलेला, उजवा गाल सूर्याला दिलेला. बाईंच्या चहाच्या वेळेला झाकण काढून खाली. एवढा घाम काऊन, असं बाई विचारायच्या. मशीनची गर्मी, असं तो सांगायचा. नऊ दिवसांचा नवतपा लागला, स्लॅबवर भाकर भाजावी असं ऊन झालं, तरी गड्यानं एक दुपार सोडली नाही.

नव्या मशीनच्या बॅनरवर कोणी काही झाकलं नाही. तो उघड्यावर हसत राहिला. (देवाजीला त्या हसण्याची चीड यायला लागली होती. थोबाड आपलंच आहे हे तो विसरून जायचा.)

मिरूग लागला. कुलदीप आला, तिघंही वर गेले. पाहतात तर दोन्ही बॅनर टवटवीत. कुलदीपनं जुन्या मशीनच्या बॅनरवर बोट घासून पाहिलं. त्याला काही उमजेना. देवाजी छाती काढून दोन्ही बॅनरांच्या मधात उभा राहिला.

"पाह्य बाप्पा. रंग हालला काय? मंग मशीन काऊन बदलू?"

कुलदीपनं इकडचा फोटो पाहिला, तिकडचा पाहिला, मग मधातला देवाजी पाहिला. डावा गाल फोटोसारखा. उजवा गाल तव्याच्या बुडासारखा. नाकावर मधोमध रेघ, जसा अर्धा माणूस एका मशीनवर छापला आणि अर्धा दुसरीवर.

"काका, फोटो दोन्ही टिकले," तो म्हणाला. "ओरिजिनलचा कलर गेला."

सत्यशीलाबाई कठड्याला टेकून उभ्या होत्या. "रोज दुपारी डोक्शावर धपधप आयकत होती मी. चपला हातात घेतल्या म्हणून वजन कमी होते काय? मले वाटे, आज नाई तं उद्या उतरन हा माणूस. लाजेनं नाई तं चक्कर येऊन. अन् कांदे माह्येच गेले."

देवाजीनं खाली पाहिलं. स्लॅबच्या खाली, बरोबर त्याच्या पायाखाली, त्याची मशीन होती.

"ने बाप्पा," तो म्हणाला. "पन हळू उचल. तिची कंबर गेली हाये."

हे ऐकून बाईंचा राग थोडा उतरला. पण थोडाच. त्यांनी कुलदीपला विचारलं, "एक्सचेंजमंदी मशीनच नेता, का मालकबी चालते?"

कुलदीपनं देवाजीला उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं.

"नाई बाई. मशीन चालू तरी हाये. कलर गेलेला माल कंपनी वापस घेत नाई."

म्हणून देवाजी घरात राहिला.