आप्पासोंची भिंत

घरमालक आप्पासो मिरजेला लग्नाला गेले आणि कृष्णातने पहार हातात घेतली. विचारल्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही, या अटीवर त्यांनी खोली दिली होती, आणि विचारलं की ते नाहीच म्हणत. लढाईच्या त्या दिवसांत सांगलीत दुसरी खोली मिळण्याची आशा नव्हती. पण खोलीला खिडकी नव्हती आणि चुलीच्या धुराने बायको सुलाबाई खोकून खोकून अर्धी झाली होती. हळदीच्या वखारीत दिवसभर पोती उचलणाऱ्या कृष्णातला तिचा खोकला मात्र सोसवत नव्हता.

मातीची भिंत हातभर जाड निघाली. वीतभर भोक पडतंय तोच दारात आप्पासोंचा खाकरा ऐकू आला. लग्नातला मानपान पसंत न पडल्याने ते अर्ध्यातूनच परतले होते. कृष्णातने पहार पाठीमागे लपवली. सुलाबाईने मात्र झटकन डब्यातला जोतिबाचा टाक काढला, भोकात ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि डोक्यावर पदर घेऊन हात जोडले.

“ह्यो काय उद्योग?” आप्पासोंनी आवाज चढवला.

“देव डब्यात गुदमरत हुता. त्येला कोनाडा केला,” सुलाबाई म्हणाली.

“मला इचारलं का?”

“न्हाई इचारलं. चुकलं. तुमीच काडा आता, मालक. माझा हात धजंना.”

आप्पासोंचाही धजला नाही. जोतिबा त्यांचंच कुलदैवत. आले होते भांडायला, गेले नमस्कार करून.

मग दर रविवारी ते आरतीला येऊ लागले आणि त्यांच्यामागोमाग गल्लीतली माणसंही. तिसऱ्या रविवारी आले तेव्हा चुलीवर भाकरी होती, त्या धुरात त्यांनी धुपाची भर घातली. अर्धी आरती खोकल्यातच गेली.

“ह्या धुरात देव ऱ्हाणार कसा?” डोळे पुशीत ते म्हणाले.

“आमी ऱ्हातो तसा,” कृष्णात म्हणाला.

माणसांचं त्यांनी मनावर घेतलं नाही. देवासाठी मात्र दुसऱ्याच दिवशी गवंडी आणून कोनाड्याशेजारी चांगली ऐसपैस खिडकी पाडून घेतली. लख्ख उजेड आत आला आणि आप्पासोंनी आपली खोली पहिल्यांदाच नीट पाहिली.

“झ्याक झाली की,” ते म्हणाले. “आता मीच ऱ्हातो हितं. तुमी म्हैना भरला की दुसरीकडं बघा.”

सुलाबाईने टाक उचलला आणि पदरात घेतला.

“देव कुटं चाललाय?” आप्पासोंनी विचारलं.

“आमच्यासंगं. आमचाच हाय त्यो. गल्लीत कुणी इचारलंच तर सांगीन, मालकांनी जोतिबाला घराभाईर काडला.”

आप्पासोंनी खिडकीतून गल्लीकडे पाहिलं. रविवारच्या आरतीला येणारी निम्मी गल्ली त्यांना तिथून दिसत होती.

“ठिवा त्यो जाग्याव,” शेवटी ते म्हणाले. “आन् तुमीबी ऱ्हावा.”

ते गेल्यावर कृष्णातने टाक पुन्हा कोनाड्यात ठेवला. सुलाबाई मात्र गाठोडं सोडून काहीतरी हुडकू लागली होती.

“आता काय पायजे तुला?”

“खंडोबाचा टाक,” मागच्या भिंतीकडे पाहत ती म्हणाली. “घरामागच्या परड्यात जायाला आपल्याला दार न्हाई.”