एक किल्ली, एक्केचाळीस घरं

माणसाला चोरीचं दुःख होत नाही, अर्ध्या चोरीचं होतं. अख्खी सायकल गेली तर नेदरलँड्समध्ये शेजारी खांदे उडवतात, मग आपणही उडवतो, आणि विषय संपतो. पण चोराने नुसतं पुढचं चाक नेलं आणि बाकीची सायकल साखळीसकट जागच्या जागी ठेवली, तर तो त्या बाकीच्या सायकलीबद्दल आपलं मत नोंदवून जातो. अंबरीश इनामदारच्या सायकलीबद्दल असं मत टिलबर्ग स्टेशनबाहेर भर दुपारी नोंदवलं गेलं.

अंबरीश आयंडहोवनला चिप बनवायच्या यंत्रांवर काम करतो. केसाच्या हजाराव्या भागाएवढी चूक तो कॉफी पिता पिता पकडतो. उरलेली सायकल खांद्यावर टाकून तो घरी आला तेव्हा चारुता, त्याची बायको, पोळ्या करत होती.

"मूळ कारण सापडलं," तो दारातूनच म्हणाला.

"चोर?"

"चोर हे लक्षण झालं गं. कारण क्विक रिलीज."

म्हणजे असं, की चाकाच्या आसातून एक सळई आरपार जाते आणि तिच्या टोकाला एक खटका असतो. खटका ओढला की चाक हातात. ही सोय सायकलवाल्यासाठी केलेली होती, पण तिचा लाभ देताना कंपनीने कुणाचंही ओळखपत्र मागितलं नव्हतं. यावर उपाय म्हणजे कुलपाची सळई. तिला खटका नसतो. तिच्या डोक्यावर एक चमत्कारिक आकाराची खाच असते आणि तिच्यात बसणारी किल्ली जगात फक्त आपल्याकडे असते. (हे वाक्य पाकिटावर लिहिलेलं आहे. पाकिटावर खोटं लिहीत नाहीत.)

शनिवारी अंबरीशने घरातल्या तिन्ही सायकलींना त्या सळया बसवल्या. तिसरी सायकल स्वानंदीची, म्हणजे त्यांच्या दहा वर्षांच्या लेकीची. तिचं पुढचं चाक बसवताना नेमका ऑफिसचा फोन आला, त्यामुळे ते चार मिलिमीटर तिरकं बसलं आणि एका बाजूने ब्रेकच्या रबराला घासू लागलं. चार मिलिमीटर ही लांबी अंबरीशच्या कामात येतच नाही. इतकी मोठी चूक पाहण्याची त्याच्या डोळ्यांना सवय नव्हती.

एखाद्या माणसाकडे उपाय असला की तो एकट्यापुरता ठेवणं आपल्या संस्कृतीत बसत नाही. ब्राबांत स्नेहवर्धक मराठी संघाच्या सभेत अंबरीशने 'चाक: एक जबाबदारी' या विषयावर बावन्न स्लाइड दाखवल्या. सभेआधी संघातल्या तीन टक्के कुटुंबांना चाकचोरीची भीती वाटत होती. सभेनंतर शहाण्णव टक्क्यांना वाटू लागली. (उरलेले चार टक्के चालत आले होते.) अध्यक्ष मालिनीताईंनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "यंदा हळदीकुंकवाला वाण म्हणून हेच लुटायचं. प्लास्टिकचे डबे पुरे झाले."

त्याप्रमाणे संक्रांतीला एक्केचाळीस सवाष्णींनी तिळगुळासोबत कुलपाच्या सळया ओटीत घेतल्या. माल घाऊक मागवला होता. घाऊक मालात सगळ्यांना एकाच आकाराची किल्ली येते, हे पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. (पाकिटावर खोटं लिहीत नाहीत.)

ही गोष्ट उघडकीला आली ती खजिनदार शैलेंद्र मोहिले यांच्यामुळे. कार्यालयाबाहेरच्या अंधाऱ्या शेडमध्ये त्यांनी पंक्चर काढायला स्वतःचं चाक सोडवलं आणि ते दुसऱ्याच कुणाचं तरी निघालं. तातडीची बैठक बसली. म्हणजे आता प्रत्येक चाक सुरक्षित होतं, फक्त एक्केचाळीस मराठी कुटुंबांपासून नव्हतं. आपल्या माणसांवर अविश्वास कुणीच दाखवला नाही. फक्त सगळ्यांनी आपापल्या सायकली घरात घेतल्या.

चर्चेअंती सर्वानुमते ठराव झाला तो येणेप्रमाणे: सर्व किल्ल्या, श्री. इनामदार यांच्या घरच्या पहिल्या किल्लीसह, जमा करून एका पोलादी पेटीत ठेवाव्यात. पेटी शैलेंद्ररावांच्या घरी राहावी. पेटीची किल्ली मालिनीताईंकडे राहावी. ज्यास चाक काढणे असेल त्याने चाकाच्या फोटोसह अर्ज करावा व दोन सभासदांची शिफारस जोडावी. अर्जाचा निकाल पुढील मासिक सभेत लागेल. ठरावाचा परिणाम तत्काळ दिसला. पुढच्या तीन महिन्यांत संघातलं एकही चाक चोरीला गेलं नाही. सायकली दोन गेल्या, पण त्यांची चाकं त्यांच्यासोबतच गेली, एकटी गेली नाहीत, ही समाधानाची बाब इतिवृत्तात नोंदवलेली आहे.

एप्रिलमध्ये शाळेतून चिठ्ठी आली. स्वानंदीच्या वर्गाची सायकल परीक्षा होती. इथे दहा-अकरा वर्षांची मुलं गावातल्या रस्त्यांवरून एकट्याने सायकल चालवून दाखवतात आणि पालक कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळी जाकिटं घालून गुण देतात. परीक्षा स्वतःच्याच सायकलवर द्यायची. त्याआधी सायकलची तपासणी होते. तपासणीचं स्टिकर नसेल त्या मुलाने परीक्षेच्या दिवशी पिवळं जाकीट घालून पालकांना मदत करायची.

स्वानंदी पुण्याहून आली तेव्हा सहा वर्षांची होती. तिच्या वर्गातली मुलं दुधाचे दात पडायच्या आधीपासून सायकलवर होती. पूर्ण एक हिवाळा चारुता सुपरमार्केटच्या मागच्या मोकळ्या जागेत सीट धरून तिच्यामागे वाकून पळाली. अजूनही तिच्या कमरेत एक कळ आहे, ती स्वानंदीच्या नावाने ओळखली जाते. "आई, सोडू नकोस" एवढं एक वाक्य पोर त्या काळात मराठीत बोलायची. बाकी सगळं इंग्रजीत.

आता ती चिठ्ठी हातात घेऊन उभी होती. "दे विल गिव्ह मी द व्हेस्ट, आई. ओन्ली मी."

"तुला कशाला देतील?"

"माझं व्हील रब्स. यॉस डझ द चेकिंग, ही विल सी इट."

चाक सरळ करायला किल्ली हवी होती. तपासणी चार दिवसांवर होती. चारुताने मालिनीताईंना फोन लावला.

"अगं, पेटीची किल्ली माझ्या देवघरात आहे, आत्ता देते," मालिनीताई म्हणाल्या. "पण पेटी शैलेंद्रकडे, आणि तो गेलाय नाशिकला. भाच्याची मुंज आहे."

"कधी येतील?"

"तीन आठवड्यांनी. तोवर तू अर्ज तर टाकून ठेव. फोटो समोरून काढ हं. मागच्या वेळी कुमुदिनीने बाजूने काढला, तो नामंजूर झाला."

सायकलच्या दुकानात मेच्या शेवटी वेळ मिळत होती. अंबरीशने चाकाकडे दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"घासतंय, पण घासून घासून रबर झिजेल, मग घासणार नाही," तो म्हणाला. "सिस्टिम स्थिरावते गं."

"परीक्षा गुरुवारी आहे. तोवर स्थिरावेल?"

"नियम मी मोडू शकत नाही, चारुता. सेफ्टीची स्लाइड माझीच होती."

चारुताने समोरून फोटो काढला, अर्ज भरला, आणि तपासणीच्या सकाळी लेकीबरोबर शाळेत चालत गेली. सायकल दोघींच्या मधे होती आणि प्रत्येक फेऱ्याला चाक एकदा कण्हत होतं. रांगेत स्वानंदीने मान खाली घातली होती. पुढच्या मुलांना टपाटप स्टिकरं मिळत होती.

तपासणीला यॉस आजोबा होते. शाळेतल्या कुणाचे तरी आजोबा, कुणाचे ते आता कुणालाच आठवत नाही. त्यांनी चाक उचलून फिरवलं, घासण्याचा आवाज ऐकला, सळईच्या डोक्यावर अंगठा फिरवला.

"फार चांगलं कुलूप आहे," ते कौतुकाने इंग्रजीत म्हणाले.

"किल्ली नाही," चारुता म्हणाली. पेटी, नाशिक आणि मुंज हे तिने सांगितलं नाही. देश लहान आहे, गोष्टी पसरतात.

यॉस आजोबा उठले, शाळेच्या स्वयंपाकघरात गेले आणि तिथल्या खणातून एक वस्तू घेऊन आले. चाळीस सेकंदांनी चाक त्यांच्या हातात होतं. सत्तराव्या सेकंदाला ते सरळ बसून पुन्हा आवळलेलं होतं, आधीपेक्षा घट्ट. वस्तू त्यांनी पँटला पुसून परत नेऊन ठेवली आणि स्टिकर हँडलला चिकटवलं.

स्वानंदी आईजवळ सरकली आणि आजोबांना कळू नये म्हणून मराठीत कुजबुजली, "आई, बाबाला नको सांगूस हं. त्याला वाईट वाटेल."

चारुताने तिच्या वेणीवरून हात फिरवला. तिला स्वतःला नेमकं काय वाटलं हे सांगता आलं नसतं, पण कमरेतली कळ त्या दिवशी फारशी जाणवली नाही.

गुरुवारी स्वानंदीने मागे वळून पाहिलं, डावा हात खांद्याच्या उंचीवर लांब केला, ट्रकला जाऊ दिलं आणि वळली. कुणीही सीट धरलेली नव्हती. ती पास झाली. घरी अंबरीशने चाक फिरवून पाहिलं. "बघ, स्थिरावलं की नाही!" तो म्हणाला, आणि स्लाइडची संख्या त्रेपन्न झाली. चारुताचा अर्ज मेच्या सभेत मंजूर झाला. त्याच सभेत संघाने या सळयांची शिफारस रायस्वाइकच्या मराठी बांधवांनाही करायचं ठरवलं.

ती वस्तू कोणती होती हे चारुताने आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, आणि इथेही ते सांगितलं जाणार नाही. ती प्रत्येकाच्या ओट्याखालच्या खणात असते, एवढं पुरे. तरीही हे वाचता वाचता ज्यांनी मनातल्या मनात आपला खण उघडून एकेक वस्तू त्या चाकाला लावून पाहिली, त्यांनी कृपया आपलं नाव, पत्ता आणि समोरून काढलेला फोटो संघाकडे पाठवावा. चोर बाहेरचा आहे, असंच आजवर संघाला वाटत होतं.